मदत हवी आहे: प्रोटॉन तुटलाच नाही तर?

मंडळी, औंढ्याजवळ लायगोचं (गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेचं) काम निघालंय, तवापासून आमची नववीतली पोरगी रोज काहीतरी विचारायलीय. काल सुपात ज्वारी पाखडता पाखडता म्हणाली, "बाबा, शेवटी ह्या दाण्याचं काय होईल?" म्हणलं, भाकर. तिला विश्वाच्या शेवटचं पाहिजे होतं!

दाणा काय न् तारा काय, सगळ्याच्या अणूंच्या गाभ्यात प्रोटॉन नावाचे कण असतात. ते कधी आपोआप तुटतात का हे बघायला जपानात सुपर-कामिओकांदे ह्या जमिनीखालच्या प्रयोगशाळेत ५० हजार टन पाणी भरून १९९६ पासून वाट बघायलेत, पण एकही प्रोटॉन तुटलेला सापडला नाही. म्हणजे त्याचं आयुष्य १ वर ३४ शून्यं, एवढ्या वर्षांहून जास्त. इथवर मी सांगितलं.

पण तो कधीच तुटत नसेल तर? तारे विझल्यावर उरलेल्या पदार्थाचं हळूहळू लोखंड होतं म्हणे. इतक्या थंडीत, भट्टी नसताना? कुणी सोप्या भाषेत सांगा ना. पोरगी संध्याकाळी परत धरणारंय.