मदत हवी आहे: दोन ओळी बदलल्या, पुल रिक्वेस्टमध्ये ९०६ दिसतायत

कोरी_पाटी
ओपन सोर्समध्ये काहीतरी हातभार लावायचा म्हणून तीन आठवडे झटतोय. शेवटी एका प्रोजेक्टात 'गुड फर्स्ट इश्यू', म्हणजे नवख्यांना झेपेल अशा लेबलचं काम सापडलं. एरर मेसेजमध्ये भलत्याच फंक्शनचं नाव छापलं जात होतं. दुरुस्त केलं, चालवून पाहिलं, पुल रिक्वेस्ट (माझा बदल प्रोजेक्टात घ्या, अशी विनंती) टाकली. वीस मिनिटांत बंद! प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या मेंटेनरचं उत्तर एका ओळीचं: असंबद्ध बदल फार आहेत, लागतील तेवढेच ठेवा. आणि पानावर +९०६ −९०६, म्हणजे ९०६ ओळी नव्या आणि ९०६ काढलेल्या. मी दोन ओळींना हात लावलाय हो, देवाशप्पथ. बाकीच्या ९०४ कोणी बदलल्या? नवख्यांना हाकलायची ही पद्धत आहे का? लवकर सांगा, दुसरं कोणी ते काम उचलेल.

सेमीकोलन
ऑपरेटिंग सिस्टिम कुठली? एडिटर कुठला? प्रोजेक्ट कुठला? आम्ही काय कवड्या टाकून ओळखायचं?

कोरी_पाटी
प्रोजेक्टचं नाव नको, आधीच अब्रू गेलीय. पायथॉन आहे. लॅपटॉप नेहमीचाच.

सेमीकोलन
'नेहमीचाच' नावाची ऑपरेटिंग सिस्टिम माझ्या पाहण्यात नाही.

शब्दवेडी
मी तर म्हणते, कोडच्या नादी लागूच नका. भाषांतरापासून सुरुवात करा. लिब्रेऑफिसचं वेबलेटवर चालतं, फायरफॉक्सचं पाँटूनवर. सगळं ब्राउझरमध्ये, गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्राम) शिकायची कटकट नाही. मी दोन वर्षं करतेय.

सेमीकोलन
ताई, त्याने विचारलंय काय, तुम्ही सांगताय काय.

टर्मिनलवाला
सोपं आहे. रिबेस कर, म्हणजे तुझे बदल मूळ कोडच्या ताज्या आवृत्तीवर पुन्हा बसव. मूळ रेपो (प्रोजेक्टच्या कोडचा साठा) 'अपस्ट्रीम' म्हणून जोड, फेच कर, त्याच्या मेन ब्रँचवर रिबेस कर आणि फोर्स पुश मार, म्हणजे आधी चढवलेल्याच्या जागी हे जबरदस्तीने चढव. दोन ब्रँच जोडणाऱ्या मर्ज कमिटने बदलांच्या इतिहासाचा नुसता चिखल होतो, म्हणून मेंटेनर वैतागतात.

मधला_मार्ग
कुठलाही प्रश्न असो, यांचं औषध एकच. रिबेसने ९०६ च्या २ ओळी कशा होतील? घोळ फाइलमध्ये आहे, इतिहासात नाही. शिवाय बंद असलेल्या पुल रिक्वेस्टच्या ब्रँचवर (बदलांच्या वेगळ्या फांदीवर) फोर्स पुश मारलात तर गिटहबची वेबसाइट ती रिक्वेस्ट पुन्हा उघडूच देत नाही. नवख्याला असले सल्ले देऊ नका.

टर्मिनलवाला
नवी उघडायची मग. काय पैसे पडतात का?

मधला_मार्ग
पैसे नाही पडत, पण मेंटेनरने जुनीवर लिहिलेलं तिथेच राहतं. नव्याने सगळं समजावत बसायचं.

जुनं_खोड
बटण दाबून पॅच (बदललेल्या ओळींचा तुकडा) जातो आणि तरी रडगाणं. लिनक्सवाल्या टॉरवाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं ते लिनक्सच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, आणि कर्नलात आजही पॅच ईमेलनेच जातात, खाली 'साइन्ड-ऑफ-बाय' अशी आपल्या नावाची ग्वाही घालून. माझा पहिला पॅच परत आला तेव्हा तर कोणी कारणही सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी माझं मलाच कळलं की ईमेल प्रोग्रामने सगळ्या टॅबच्या परस्पर स्पेस करून टाकल्या होत्या. डोळ्यांना पॅच जसाच्या तसा, पण मूळ कोडला लागायला तयार नाही.

सेमीकोलन
खोडसाहेब, अवांतर बोलता बोलता मुद्द्याचं बोललात! कोरी_पाटी, पुल रिक्वेस्टमध्ये बदललेल्या फाइली दिसतात तिथे वर गिअरचं चिन्ह आहे. त्यात व्हाइटस्पेसचे (स्पेस, टॅबसारख्या न दिसणाऱ्या अक्षरांचे) बदल लपवायचा पर्याय आहे, तो लाव. किती ओळी उरतात?

कोरी_पाटी
दोन!!! हा काय प्रकार आहे?

सेमीकोलन
ओळीचं शेपूट बदललंय. विंडोजवर ओळ संपताना दोन अक्षरं पडतात, सीआर आणि एलएफ. लिनक्सवर नुसतं एलएफ. दिसत काहीच नाही, पण गिटच्या लेखी प्रत्येक ओळ नवी. आता खरं सांग, फाइल बदललीस कशी? पायरी पायरीने.

कोरी_पाटी
झिप डाउनलोड केली. मूळ फाइल बिघडू नये म्हणून व्हीएस कोड या एडिटरमध्ये नवी फाइल उघडून त्यात सगळं पेस्ट केलं, दोन ओळी दुरुस्त केल्या आणि तेच नाव दिलं. मग माझ्या फोर्कमध्ये (प्रोजेक्टच्या माझ्या प्रतीत) वेबसाइटवरूनच अपलोड केली. हो, विंडोज आहे. हे सांगायचं असतं होय?

सेमीकोलन
हेच तर सांगायचं असतं! व्हीएस कोड विंडोजवर नव्या फाइलला सीआरएलएफ लावतो. गिटमधून गेला असतास तरी निभावलं असतं, कारण विंडोजवर गिट बसवताना आधीच निवडलेला पर्याय ठेवला की कमिट करताना, म्हणजे बदलाची नोंद करताना, ते परत एलएफ होतं. वेबसाइटवरून अपलोड केलंस, तिथे ती चाळणीच नाही.
आता व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत उजवीकडे 'सीआरएलएफ' लिहिलेलं असेल. त्यावर क्लिक करून एलएफ कर, सेव्ह कर आणि फोर्कमधल्या त्याच ब्रँचवर चढव. फोर्स वगैरे काही नको. मग पुल रिक्वेस्टखाली लिही की ओळींचे शेवट बदलले होते, दुरुस्त केलेत, कृपया पुन्हा उघडा. आणि झिपचा नाद सोड, क्लोन करायला, म्हणजे गिटनेच प्रत उतरवायला शिक.

निवांत_वाचक
ते सगळं ठीक, पण मेंटेनरने हे एका वाक्यात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? अशाने नवे लोक येणार कसे?

मधला_मार्ग
२०२० चं हॅक्टोबरफेस्ट आठवा, ऑक्टोबरात पुल रिक्वेस्ट टाकल्या की टी-शर्ट देणारा उपक्रम. टी-शर्टपायी लोकांनी प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या रीडमी फाइलीत एकेक शब्द घुसडून पुल रिक्वेस्टचा पाऊस पाडला होता. शेवटी आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलावा लागला, की ज्या प्रोजेक्टला हवं त्यानेच भाग घ्यायचा. हे लोक बहुतेक फुकटात, रात्री जागून काम करतात. ९०६ ओळी बघून कोण वाचत बसेल?

निवांत_वाचक
एक वाक्य लिहायला रात्र जागावी लागत नाही.

टर्मिनलवाला
क्लोन करशील तेव्हा रिबेसही शिकून घे. सांगून ठेवतो.

कोरी_पाटी
उघडली त्यांनी! +२ −२ दिसतंय. थँक्यू सेमीकोलन, खोडसाहेब. पण आता खाली लिहिलंय की वर्कफ्लो मंजुरीसाठी थांबलेत. परत काय चुकलं?

सेमीकोलन
काही नाही. त्या प्रोजेक्टात तुझं पहिलंच काम आहे, म्हणून वर्कफ्लोतल्या टेस्ट आपोआप सुरू होत नाहीत. मेंटेनरने बटण दाबलं की होतील. रोज आठवण करून देऊ नकोस.

कोरी_पाटी
एकदा दिली. चालेल ना?

नवा_गडी
मलाही हाच प्रॉब्लेम आहे, फक्त माझ्याकडे +० −० दिसतंय. काय करू? अर्जंट.

सेमीकोलन
नवा धागा काढा. आणि ऑपरेटिंग सिस्टिम लिहा.