प्रवाळटाकीत पिवळा टँग मासा सोडावा का?

प्रश्न: माझ्या ४०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दोन क्लाउनफिश आणि काही मऊ प्रवाळ असून टाकी आठ महिन्यांपासून स्थिर आहे. आता पिवळा किंवा निळा टँग आणावा असे मनात आहे. कोणती काळजी घ्यावी?

उत्तर १: निळा टँग ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, त्याला ही टाकी अपुरी पडेल. पिवळा साधारण २० सेंटिमीटरचा होतो. टाकी चार फूट लांब असेल तर तो रमेल. मात्र आणल्याबरोबर सोडू नका. पांढरे ठिपके उठवणारा परजीवी टँगला फार लवकर गाठतो आणि त्यावरचे तांब्याचे औषध प्रवाळांना मारक असल्यामुळे मुख्य टाकीत उपचार करताच येत नाहीत. म्हणून मासा किमान चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. मी एकदा घाई केली आणि पाच मासे गमावले, ते अजून सलते.

उत्तर २: पोट खपाटीला गेलेला मासा घेऊच नये. हा शैवाल चरणारा मासा आहे, तेव्हा नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शैवालाच्या पातळ पापुद्र्याचा) तुकडा चिमट्याने काचेला रोज लावावा. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा पांढरा काटा असतो व तो जाळीत अडकतो. मासा भांड्यानेच पकडावा.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आधी वेगळी टाकी मांडतो, मगच पिवळा टँग आणतो.