ब्लिट्झचा धीर लंडनचा, मग हलचं काय?

हंबरकाठ

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याकडच्या हल या बंदराच्या शहरात राहायला आलो २०१५ साली. पहिल्याच आठवड्यात बसमधून बेव्हर्ली रोडने जाताना एक अर्धीच इमारत दिसली. विटांची दर्शनी भिंत उभी, मागे काही नाही, आतून झुडपं वर आलेली. मला वाटलं भावाभावांच्या भांडणात अडकलेली प्रॉपर्टी असणार, आपल्याकडे असतात तशी. शेजारच्या सीटवरच्या आजी म्हणाल्या, हे थिएटर होतं. नॅशनल पिक्चर थिएटर. ब्लिट्झमध्ये, म्हणजे १९४०-४१ ला जर्मन विमानं इंग्लंडच्या शहरांवर बॉम्ब टाकत होती तेव्हा, १८ मार्च १९४१ च्या रात्री आत दीडशेच्या आसपास माणसं बसली होती आणि पडद्यावर होता हिटलरची टर उडवणारा चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर'. हल्ला वाढला तशी माणसं पुढच्या दालनात आसऱ्याला थांबली आणि बॉम्ब पडला मागे. एकही जण दगावला नाही.

आज हे आठवायचं कारण म्हणजे मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला एक फॉरवर्ड. 'लंडनवर सत्तावन्न रात्री बॉम्ब पडत होते तरी इंग्रज माणूस शांतपणे चहा पीत होता, आणि आपल्याकडे दोन तास वीज गेली की बोंबाबोंब!' सोबत ते लाल 'कीप काम अँड कॅरी ऑन'चं (शांत राहा, काम चालू ठेवा) पोस्टर. त्या पोस्टरची गंमत अशी की ते १९३९ मध्ये वीस लाखांवर छापलं आणि युद्धभर जवळपास कुठे लागलंच नाही. बहुतेक गठ्ठे रद्दीत गेले. २००० साली अ‍ॅल्निक गावातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला एक प्रत सापडली, तिथून ते मगांवर आणि टीशर्टांवर आलं. ज्याने लोकांना धीर दिला म्हणतात, ते लोकांनी पाहिलंही नव्हतं.

माझं म्हणणं सरळ आहे. 'शांत बसलेला इंग्रज' ही गोष्ट लंडनची, आणि तीही बरीचशी मागाहून रचलेली. हलमध्ये ९२ हजारांवर घरं होती, त्यातली धड राहिली सहा हजारांहून कमी. माणसं गेली १२०० च्या आसपास. मे १९४१ च्या लागोपाठ दोन रात्रींतच चारशेहून अधिक. आणि बातमीत काय? 'ईशान्य किनाऱ्यावरील एका शहरावर हल्ला.' नाव नाही. स्वतःचं घर पडलेलं ज्याने पाहिलं, त्यानेच रेडिओवर ऐकायचं की 'एका शहरावर' काहीतरी झालं.

आणि इथली माणसं शांत वगैरे बसली नव्हती. संध्याकाळ झाली की गाद्या, पांघरुणं, पोरं बाबागाडीत घालून शहराबाहेर. चालत, सायकलवर, मिळेल त्या लॉरीत. खेड्यातल्या हॉलमध्ये, गोठ्यात, कुंपणाच्या आडोशाला झोपायचं आणि सकाळी परत कामावर. याला तेव्हा 'ट्रेकिंग' म्हणत (हरिश्चंद्रगडवाल्यांनी कृपया हलके घ्या). प्लिमथची माणसं डार्टमूरच्या माळावर जात, साउदॅम्प्टनलाही तेच. लंडनच्या साहेबांना यात मनोधैर्य खचल्याचं लक्षण दिसलं आणि सोय करायलाही ते आधी नाखूश होते. सोय केली तर आणखी लोक जातील ना!

मला ते पळणं वाटत नाही. अक्कल वाटते. 'शांत बसले' या कौतुकात ही अकलेची माणसं भित्री ठरतात, म्हणून तो फॉरवर्ड डोक्यात गेला. मतं येऊ द्या.

जुना खलाशी

साफ असहमत. फॉरवर्ड फालतू आहे हे मान्य, पण त्याच्या रागात तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात.

युद्धाआधी सरकारची भीती काय होती ते बघा. पहिल्या काही आठवड्यांतच लाखो मरतील, लोक वेड्यासारखे सैरावैरा धावतील असा अंदाज होता. मनोरुग्णांसाठी खाटा राखून ठेवल्या होत्या. त्या भरल्या नाहीत. आत्महत्यांचं प्रमाण युद्धकाळात उलट खाली आलं. कॉव्हेंट्रीवर १४ नोव्हेंबर १९४० ला रात्रभर बॉम्ब पडले, साडेपाचशेच्या वर माणसं मेली, कॅथीड्रलच्या नुसत्या भिंती उरल्या. तरी कारखाने काही आठवड्यांत पुन्हा चालू. हे पोस्टरने केलं नाही हे खरंच आहे, पण कोणीतरी केलंच ना?

नाव न छापण्याबद्दल: मी बोटीवर आयुष्य काढलंय. शत्रूला आपला गोळा कुठे पडला हे आपणच कशाला सांगायचं? त्यात कट शोधू नका.

हंबरकाठ

काका, हंबर नदीच्या रुंद खाडीकाठी वसलेलं शहर चांदण्या रात्री वैमानिकाला नदीच दाखवून देते. जर्मनांना हल ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मँचेस्टर-लंडनच्या वाचकाला.

आणि कॉव्हेंट्रीचंच घ्या. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी 'मास ऑब्झर्वेशन'ची माणसं तिथे होती. सामान्यांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदी घेणं हेच त्या संस्थेचं काम. त्यांनी रडणारी, किंचाळणारी, थरथरणारी, रस्त्यात चक्कर येऊन पडणारी माणसं पाहिली, अंधार पडायच्या आत गाव सोडायची घाई पाहिली. संस्थेच्या टॉम हॅरिसनने हे बीबीसीवर सांगितलं तर मंत्रिमंडळात नाराजी. आठवड्यांनी कारखाने सुरू झाले हेही खरं, पण ते सुरू करणारी माणसं तीच, आदल्या रात्री रडलेली. रडणं गाळून फक्त कारखाना सांगितला की पोस्टर तयार होतं.

तिरपा डोळा

यात चोऱ्या कोणी लिहिल्याच नाहीत, म्हणून मी लिहितो. ८ मार्च १९४१, लंडनचं कॅफे द पारी. जमिनीखालचा नाचाचा हॉल, सुरक्षित म्हणून मिरवायचा. बॉम्ब आत येऊन फुटला, आणि मदतीच्या गर्दीत मिसळून काहींनी मेलेल्यांच्या अंगावरचे दागिने ओरबाडले. पडक्या घरातून सामान उचलल्याबद्दल आग विझवणारे आणि ढिगारे उपसणारेही कोर्टात उभे राहिलेत. कायद्याने लुटीला फाशीपर्यंत शिक्षा होती. म्हणजे सरकारचाही त्या 'ब्लिट्झ स्पिरिट'वर, लोकांच्या धीरावर, तेवढा भरवसा नव्हता.

दुसरं, लंडनचंच बेथनल ग्रीन. ३ मार्च १९४३. एकही बॉम्ब पडला नाही. जवळच्या बागेतून नव्या विमानविरोधी अग्निबाणांचा आवाज झाला, लोक स्टेशनच्या निवाऱ्याकडे धावले, अंधाऱ्या ओल्या जिन्यात एक बाई पडली आणि तिच्यावर बाकीचे. १७३ मेले. त्या तोंडाशी दुरुस्ती हवी, असं तिथल्या नगरपालिकेने (बरो) आधी कळवलं होतं, वरून पैसे नाकारले गेले. चौकशीचा अहवाल युद्ध संपत आल्यावर, १९४५ मध्ये बाहेर आला. तोपर्यंत लोक एकमेकांनाच दोष देत बसले.

जुना खलाशी

शंभरात दोन चोर निघतात म्हणून अठ्ठ्याण्णवांना विसरायचं? महिला स्वयंसेविकांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली होती. रात्री चहाची गाडी घेऊन ढिगाऱ्याशी उभं राहणाऱ्या बायका. तिरपा डोळा यांना त्या दिसणार नाहीत, नावातच सगळं आलं.

भाजणी

भांडा तुम्ही, मी स्वयंपाकघरात जाते.

माझ्या मते लोक टिकले ते भाषणांनी नाही, रेशनकार्डाने. ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, बेकन कुपनवर. नंतर चहा आठवड्याला माणशी दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅम. (आमच्या घरी तेवढा चहा रविवारी दुपारपर्यंत संपतो. 'शांतपणे चहा पीत' वाल्यांनी हे वाचावं.) अंडं आठवड्याला एक, तेही मिळालं तर, नाहीतर अंड्याची पावडर. पण दुकानदाराच्या पुढे बॅरिस्टरची बायको आणि गोदी कामगाराची बायको एकाच मापात उभी, हे तोवर इंग्लंडात कधी झालं नव्हतं. गरिबाच्या पोराच्या ताटात दूध आलं ते या काळात.

आपल्या वेणू चितळे तेव्हा लंडनला बीबीसीत होत्या, ठाऊक आहे का? शिरोळच्या, म्हणजे कोल्हापूरकडच्या. हिंदुस्थान विभागात, लेखक जॉर्ज ऑर्वेलच्या सहकारी. 'किचन फ्रंट' या रेशनात स्वयंपाक कसा भागवायचा सांगणाऱ्या कार्यक्रमात त्यांनी शाकाहारी पदार्थ सांगितले. शाकाहारी म्हणून नोंद केली की मांसाची कुपनं जायची आणि चीज जास्तीचं मिळायचं. बाहेर सायरन आणि आत कोल्हापूरची बाई इंग्लंडला भाजी शिकवतेय. यावर कोणीतरी स्वतंत्र धागा काढा, मी येईन.

तिरपा डोळा

एकाच मापात? हॉटेलात जेवायला कुपन लागत नव्हतं. ओरड झाल्यावर १९४२ मध्ये एका जेवणाला पाच शिलिंगांची मर्यादा घातली, तीही वाकवायला वाटा होत्या. आणि पाव युद्धभर मोकळा होता, कुपनवर आला तो जिंकल्यावर, १९४६ मध्ये. ते कोणी सांगत नाही.

भाजणी

मर्यादा घातली ना पण? ओरड झाली म्हणून घातली ना? मी तेच म्हणतेय. ओरडता येत होतं.

हंबरकाठ

भाजणीताई, हे लाखातलं बोललात. भूमिगत रेल्वेची स्टेशनं सुरुवातीला निवाऱ्यासाठी बंदच होती. लोकांनी काय केलं? तिकीट काढलं, खाली गेले, आणि वर आलेच नाहीत. शेवटी सरकारला मान तुकवावी लागली. १४ सप्टेंबर १९४० ला फिल पिराटिन हा कम्युनिस्ट पुढारी ईस्ट एंडच्या, म्हणजे लंडनच्या गरीब वस्तीतल्या, लोकांना घेऊन थेट सॅव्हॉय हॉटेलच्या तळघरात शिरला, साहेबांच्या निवाऱ्यात आम्हालाही जागा पाहिजे म्हणून. याला शांत बसणं म्हणत नाहीत.

अक्कलखाते

सगळं छान, पण १९४३ ला बंगालात लाखो माणसं भुकेने रस्त्यावर मरत होती तेव्हा यांचं अंडं आठवड्याला एक की दोन यावर आपण मराठीत चर्चा करायची? कोणाच्या धीराचे गोडवे गातोय आपण?

जुना खलाशी

धागा बंगालवर नाही. प्रत्येक ठिकाणी हे आणायचंच का?

हंबरकाठ

आणू दे काका. चर्चिलचा हिशेब वेगळा आणि हलच्या गोदी कामगाराचा वेगळा, एवढंच म्हणेन. त्या कामगाराला विचारून कोणी बंगाल उपाशी ठेवला नव्हता. आणि आपलेही तिथे होतेच की. कृष्ण मेनन सेंट पँक्रासचे नगरसेवक, दिवसा हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याची सभा आणि रात्री हवाई हल्ल्याचा वॉर्डन म्हणून गल्ल्यांत फेरी.

मांडवीकर

नाव न छापण्यावरून आठवलं. १४ एप्रिल १९४४, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन नावाची बोट. कापसाच्या गाठी, सुमारे १४०० टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा एकाच बोटीत. आधी कापूस पेटला. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर नोंद झाली. फायर ब्रिगेडचे ६६ जवान गेले, म्हणून तर आपण १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतो.

आजी तेव्हा मांडवीत राहायची, चौदा वर्षांची. ती सांगायची की जळता कापूस आभाळातून पडत होता आणि शेजारीण ओट्यावरची वाळवण गोळा करत होती. घर सोडायचं तर पापड का सोडायचे, म्हणून. नंतर सगळे चालत दादरला, नातेवाइकांकडे. आणि पेपरात काही नाही! बातमी आधी दिली जपान्यांच्या ताब्यातल्या सैगॉन रेडिओने. इथल्या वर्तमानपत्रांना परवानगी मिळाली मे महिन्यात. डोक्यावर पत्रे पडले त्यांना गुपित काय सांगायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही. खलाशीकाका, तुमचा 'शत्रूला का सांगायचं' इथे कसा लागू करायचा?

जुना खलाशी

फोर्ट स्टिकीनला लागू होत नाही, मान्य. ती लपवालपवी होती. पण हलबद्दल मी मागे हटत नाही. तुम्हीच सांगताय सकाळी लोक कामावर परत येत होते. मग मनोधैर्य टिकलं हेच सिद्ध झालं ना?

हंबरकाठ

टिकलंच. आणि आता त्यातली खरी वाईट गोष्ट सांगतो.

१९४१-४२ मध्ये सरकारने हल आणि बर्मिंगहॅमची शास्त्रीय पाहणी करवली. सॉली झकरमन आणि जे. डी. बर्नाल या शास्त्रज्ञांकडे काम होतं. किती टन बॉम्ब, किती घरं, कामावर किती गैरहजर. हलमधल्या शाळेच्या पोरांकडून हल्ल्यांवर निबंधही लिहून घेतले. निष्कर्ष: दोन्ही शहरांत घबराट माजल्याचा पुरावा नाही. म्हणजे काका, तुमच्या बाजूचा.

पण चर्चिलचे शास्त्रीय सल्लागार लिंडेमन यांनी त्या पाहणीचा हवाला देत मार्च १९४२ च्या अखेरीस चिठ्ठी पाठवली ती उलटी. हलमध्ये दहातलं एकच घर जमीनदोस्त झालं तरी लोकांवर ताण दिसला, घर गेलं की माणूस खचतो, तेव्हा जर्मनीतल्या अठ्ठावन्न शहरांतली घरं पाडा. पाहणी करणारे एक म्हणत होते, सल्लागार दुसरंच. हलचं नाव बातमीत चालत नव्हतं, पण दुसऱ्याची घरं पाडायचा दाखला म्हणून चाललं.

तिरपा डोळा

हे माहीत नव्हतं. आज माझ्याकडे तिरकं बोलायला काही नाही.

जुना खलाशी

मलाही नव्हतं. माझं मत बदललेलं नाही, पण एक सांगतो. १९८३ ला आमची बोट हलला लागली होती. धक्क्यावरच्या एका म्हाताऱ्या कामगाराने विचारलं, कुठचा? म्हटलं बॉम्बे. तो म्हणाला, तुमच्याकडेही एक बोट फुटली होती ना, कापसाची? मी हो म्हटलं. 'तुमच्याकडेही' म्हणाला, हे मला आत्ता हा धागा वाचताना लक्षात आलं. तेव्हा मी पुढे काही विचारलं नाही, विंच सुरू झाली होती.