मदत हवी आहे: चाळकेवाडीच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) सरडा उचलणारा हा पक्षी कुठला? आणि फोटो वाचवता येतील का?

मंडळी, पक्ष्यांतलं मला घार आणि कावळ्याच्या पलीकडं फारसं कळत नाही, जाणकारांनी जरा सांगा. रविवारी पाहुण्यांना घेऊन साताऱ्याहून ठोसेघर आणि पुढं चाळकेवाडीला पवनचक्क्या बघायला गेलेलो (मे महिन्यात ठोसेघरला पाणी कुठलं, पण पाहुण्यांना कोण सांगणार). तिथं एका दगडावर सरडा गळ्याखालची निळी-काळी-केशरी पिशवी फुगवत बसलेला, 70-300 ची लेन्स लावलेलीच होती म्हणून त्याच्यावर फोकस केला आणि बटण दाबतोय तोवर वरून काहीतरी तपकिरी येऊन आदळलं, मी बोट उचललंच नाही, बर्स्ट (एकामागोमाग फोटो) चालू राहिला, आणि सगळं संपल्यावर दगड रिकामा. पाहुणे म्हणाले काय झालं, म्हटलं थांबा मलाच बघू द्या.

पक्षी कावळ्यापेक्षा थोडा मोठा वाटला, घारीपेक्षा नक्की लहान. पाठ तपकिरी, पाय पिवळे, गळ्यावर मधोमध काळी रेघ. मेव्हणा म्हणतो शिक्रा, ऑफिसातले एकजण छातीठोकपणे गरुड म्हणतात, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर तर काय राव, कुणी गिधाडसुद्धा म्हटलं.

दुसरं म्हणजे कॅमेरा पवनचक्क्यांच्या हिशेबानं लावलेला, ॲपर्चर एफ 11, शटर 1/250. त्यामुळं पंख पार फिसकटलेत. एका फ्रेममध्ये डोकं आणि पंजातला सरडा बऱ्यापैकी आलाय. रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, काही न बदललेल्या) आहेत. काय करता येईल?

माळरान_कराड: फोटो बघितले, भारी हात मारलाय. गरुड नाही हो, गरुड एवढा लहान नसतो. शिक्रा का नाही ते सांगतो. गळ्यावर पुसट रेघ शिक्र्यालाही असते, त्यामुळं त्या रेघेवर जाऊ नका, डोळा बघा. मोठ्या शिक्र्याचा डोळा लालसर, पिल्लाचा पिवळा. तुमच्या तिसऱ्या फोटोत डोळा पांढरट दिसतोय. शिवाय शिक्रा झाडाच्या आडून झपकन येतो, उघड्या सड्यावर दगडावर नाहीतर खांबावर बसून खाली नजर ठेवणारा म्हणजे माझ्या मते तिसा, हा पांढऱ्या डोळ्याचा शिकारी पक्षी. पाठमोरा एखादा फोटो असला तर मानेच्या मागं पांढरा ठिपका दिसतो का ते बघा.

सांगलीकर_ताई: खरूची (छोटा ससाणा) पण सड्यावर असते की! हवेत एका जागी फडफडत थांबला होता का दादा?

माळरान_कराड: ताई, खरूचीचा डोळा काळा असतो आणि डोळ्याखाली मिशीसारखा पट्टा असतो, यात तो नाही.

विचारणारा: हवेत थांबलेला काय मी बघितला नाही ताई, थेट खालीच आला. आणि हो, उडून जातानाची एक फ्रेम आहे, मानेवर पांढरा डाग आहे!! मी तो उन्हाचा चट्टा समजून सोडून दिलेला. शेपूट जरा तांबूस आहे.

माळरान_कराड: मग तिसाच, मिटला विषय. मेव्हण्याला सांगा.

रॉवाला: फोटोचं बोलतो. 1/250 ला पंख हलणारच, उडणाऱ्याला 1/2000 तरी पाहिजे. हललेलं शार्पनिंग करून सरळ होत नाही, उलट कडांना पांढरी रेघ येते आणि फोटो प्लॅस्टिकचा दिसायला लागतो, तेव्हा त्या नादाला लागू नका. डोकं आणि सरडा शार्प आहे ना, मग पंख हललेले तसेच ठेवा, त्यानं वेग कळतो. सावल्या थोड्या उचला, क्रॉप बेताचा करा. आणि मूळ रॉ कुठंतरी दुसरीकडं कॉपी करून ठेवा, स्पर्धेला पाठवायचा झाला तर मागतात.

सडाभटक्या: सगळे पक्ष्याच्या मागं लागलेत, सरड्याकडं कुणी बघेना! तो सारडा सुपर्बा असणार, 2016 साली याच चाळकेवाडीच्या पठारावरून नवीन जात म्हणून नोंदवला गेलाय. आणि फोटो पवनचक्क्यांच्या मधला आहे याला जास्त किंमत आहे. बंगळूरच्या आयआयएससीच्या (भारतीय विज्ञान संस्थेच्या) लोकांनी इथंच अभ्यास करून 2018 ला छापलंय की पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ चारपट कमी, म्हणून सरडे जास्त, आणि भीती कमी झाल्यानं माणूस जवळ गेला तरी लवकर पळत नाहीत. तुमचा सरडा एवढा निवांत का बसलेला ते आलं का ध्यानात? फोटो ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी ठेवणारी वेबसाइट) तारीख-जागेसकट टाका, ग्रुपवर नुसता फिरवून काय उपयोग.

विचारणारा: हे लयच भारी निघालं, मी आपलं पंख का हलले म्हणून रडत होतो. ईबर्डचं खातं उघडतो आज. पुढच्या आठवड्यात परत जायचं म्हणतोय, सकाळी जाऊ का दुपारी?

सडाभटक्या: सकाळी ऊन जरा वर आलं की सरडे दगडावर येतात, तेव्हा जा. गाडीतनंच बघा, दगड उचकटत फिरू नका. आणि जूनवर ढकलू नका, पाऊस लागला की त्या सड्यावर धुक्यात पुढची पवनचक्की दिसत नाही, तिसा कुठला दिसतोय.