थ्रिलरची पहिली दोन मिनिटं शूट करायचीत, अभ्यास कसा करू आणि सुरुवात कशी करू?

कोल्हापुरी_फ्रेम
नमस्कार मंडळी. मी मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोल्हापुरात. आम्हाला प्रोजेक्ट आलाय, थ्रिलर पिक्चरची फक्त सुरुवात करायची, टायटल धरून दोन मिनिटं, आणि सोबत जॉनरच्या (पिक्चरच्या प्रकाराच्या) अभ्यासाची वही द्यायची. अख्खा पिक्चर नाही करायचा, पण बघणाऱ्याला वाटलं पायजे की पुढचा असता तर बघितला असता.

आमची आयडिया अशी होती की मुलगी घरात एकटी आहे, लाइट जाते, खिडकीत मास्कवाला दिसतो, हातात सुरा, मग पळापळी, किंचाळी, काळा स्क्रीन आणि टायटल. सरांनी परत दिली. म्हणाले हे कुठल्याही गावात कुठल्याही घरात घडेल, आणि या मुलीचं काय होईल याची मला काळजीच वाटत नाही. खरं सांगायचं तर ते पटलं पण त्यामुळे आता काय करायचं हेच कळेना झालंय.

आमच्याकडं एक बऱ्यापैकी मोबाइल, ट्रायपॉड, एक एलईडी पॅनेल, कॉलर माइक आणि ८ जीबी रॅमचा लॅपटॉप एवढंच आहे. चौघंजण आहोत. अभ्यास म्हणजे नक्की काय लिहायचं असतं? पिक्चरची स्टोरी लिहून काढायची का? आणि रात्रीचं शूट मोबाइलवर चांगलं येतं का? ज्यांनी असं काही केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा, शूटला तीनच आठवडे राहिलेत.

संकलक_पुणे
मी एडिटिंग करतो, बारा वर्षं झाली. तुझ्या सरांनी बरोबर जागी बोट ठेवलंय.

हिचकॉकनं त्रुफो या फ्रेंच दिग्दर्शकाला दिलेल्या मुलाखतीत एक उदाहरण दिलंय ते आधी नीट समजून घे. दोन माणसं टेबलावर गप्पा मारतायत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो, तर प्रेक्षक दचकतो, पंधरा सेकंद. तोच बॉम्ब प्रेक्षकाला आधी दाखवला, किती वाजता फुटणार तेही सांगितलं आणि त्या दोघांना मात्र काहीच माहीत नाही, तर त्याच फालतू गप्पा पंधरा मिनिटं श्वास रोखून ऐकल्या जातात. तुमचा मास्कवाला म्हणजे पहिला प्रकार. खिडकीत दिसला, दचकलो, संपलं.

ऑर्सन वेल्सचा १९५८ चा टच ऑफ इव्हिल बघ, निदान सुरुवात तरी. एक माणूस टाइमबॉम्ब लावतो, गाडीच्या डिकीत ठेवतो, एक जोडपं गाडीत बसून निघतं, आणि मग कॅमेरा तीन मिनिटांहून जास्त वेळ कट न करता सीमेवरच्या गावातून फिरत राहतो. गाडी थांबते, शेळ्या आडव्या येतात, लोक हसतायत, आणि आपण फक्त डिकीकडं बघत बसतो. कोणी कोणाच्या मागं पळत नाही, तरी हात घट्ट होतात.

आता वहीचं. स्टोरी अजिबात लिहू नकोस, ती सगळ्यांना माहीत असते. पाच-सहा पिक्चर निवड आणि प्रत्येकाची फक्त पहिली पाच मिनिटं घे. एकदा साधं बघ. मग आवाज बंद करून बघ आणि प्रत्येक कटला कागदावर एक रेघ मार, म्हणजे मिनिटाला किती शॉट आहेत ते कळतं. मग स्क्रीनकडं पाठ करून फक्त ऐक. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं लिही, की माझ्या डोक्यात पहिला प्रश्न कितव्या सेकंदाला आला आणि तो प्रश्न काय होता. त्या क्षणी कोणाला काय माहीत आहे, पात्राला काय, मला काय. एवढ्या एका रकान्यावर सगळी वही उभी राहते बघ.

अजून एक, रात्रच पाहिजे असं काही नाही. हिचकॉकचाच सायको (१९६०) सुरू होतो तो उन्हात, शहराचं नाव, वार, तारीख, आणि दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं अशी अक्षरं येतात. इतकी नेमकी वेळ कोण कशाला सांगेल, म्हणून आपण सावध होतो.

जुनी_रिळं
संकलक यांनी छान लिहिलंय, मी फक्त जॉनरबद्दल थोडं बोलते कारण मुलं तिथं गोंधळतात. वहीत पहिल्या पानावर स्वतःच्या शब्दांत लिहून काढा की रहस्यकथा, भयकथा आणि थ्रिलर यात फरक काय. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांपासून रहस्यकथा वाचायची सवय आहे, त्यात प्रश्न मागं वळून बघणारा असतो, कोणी केलं? थ्रिलरमध्ये तो पुढं बघतो, आता काय होणार आणि हा वेळेत पोचणार का? भयकथेत समोरचं संकट बऱ्याचदा माणसाच्या हाताबाहेरचं असतं. अर्थात हे तिन्ही एकमेकांत मिसळतात, पण तुमचा पिक्चर मुख्यतः कुठल्या प्रश्नावर चालतो ते चौघांनाही ठाऊक पाहिजे, नाहीतर एकजण भुताचा पिक्चर शूट करत असतो आणि दुसरा पोलिसांचा.

मराठीत हे नव्हतं असं समजू नका. राजा परांजपेंचा पाठलाग १९६४ चा, त्यावरूनच हिंदीत १९६६ ला मेरा साया झाला. नंतर चंद्रकांत कुलकर्णींचा बिनधास्त, १९९९ चा, तो मुद्दाम बघा कारण त्यात सगळी मुख्य पात्रं बायका आहेत आणि बाई म्हणजे फक्त किंचाळणारी असा तुमच्या पहिल्या आयडियात जो प्रकार होता त्यातून बाहेर यायला मदत होईल.

आणि फ्रिट्झ लांगचा एम, १९३१ चा, जर्मन. एक आई मुलीची शाळेतून यायची वाट बघतेय, घड्याळाकडं बघते, जिन्यात डोकावते, हाक मारते. रिकामा जिना, रिकामी खुर्ची, टेबलावर ताट. मग गवतातून मुलीचा चेंडू घरंगळत येतो आणि तिचा फुगा तारांत अडकलेला दिसतो. बस. काहीही वाईट दाखवलेलं नाही आणि तरी मी कॉलेजात असताना पहिल्यांदा पाहिला त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं. मी पुण्याला असते, लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्ह आहे, इकडे येणं झालं तर तिथली लायब्ररी जरूर बघा.

कोल्हापुरी_फ्रेम
बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं, मनापासून थँक्यू. काल चौघांनी बसून एमची सुरुवात पाहिली, चेंडू आला तेव्हा कोणी बोलेना. रेघा मारायचं पण केलं. श्रीराम राघवनच्या अंधाधुनवर पण केलं, तो सुरू होतो कोबीच्या शेतातल्या सशावर आणि त्याच्यामागं बंदूक घेतलेल्या शेतकऱ्यावर, तेव्हा वाटतं हे काय चाललंय, आणि त्याचा अर्थ लागतो थेट शेवटाकडं. म्हणजे एवढा वेळ प्रश्न उघडा ठेवता येतो.

सरांचं ते 'कुठल्याही घरात घडेल' डोक्यात होतं म्हणून आम्ही यादी केली की आमच्याकडं असं काय आहे जे मुंबईवाल्या पोरांकडं नाही. माझ्या काकांचं गुऱ्हाळ आहे कागल साइडला. आता सीझन चालू आहे, रात्रभर चुलवाण (रस उकळायची मोठी भट्टी) पेटलेलं असतं, सगळीकडं वाफ. तिथं काहीतरी करावं असं वाटतंय पण काय ते सुचेना. कोणाला तरी काहिलीत, म्हणजे रस उकळतो त्या मोठ्या कढईत, ढकलतात असं एक सुचलंय.

शिरोळकर
भावा मी गुऱ्हाळातच वाढलोय, आजोबा गुळव्या (गूळ तयार करणारा कारागीर) होते, म्हणून आधी हे सांगतो की काहिलीजवळ अभिनय करायचा नाही. उकळता रस पाण्यापेक्षा जास्त गरम असतो आणि अंगाला चिकटतो, आमच्या गल्लीतल्या एकाचा हात मी पाहिलाय. शूट करायचं ते काहिल उतरून झाल्यावर, किंवा लांबून, आणि गुळव्या जिथं उभं राहू नको म्हणेल तिथं उभं राहायचं नाही.

आणि ढकलाढकली कशाला, गुऱ्हाळात बघण्यासारखं चिक्कार आहे. वाळलेल्या चिपाडांचा (रस काढलेल्या उसाचा) हा एवढा मोठा ढीग असतो, चुलवाणासमोर बसलेला माणूस भारे उचलून आत सारत असतो, अखंड, काय उचललं ते बघतही नाही, त्याचं लक्ष जाळाकडं. आणि ऊस पिळायचा चरक चालू असला की शेजारच्याला हाक मारली तरी ऐकू येत नाही, हातानं खुणा करतात सगळे.

मला असं दिसतंय. एक मुलगी बापासाठी डबा घेऊन रात्री गुऱ्हाळावर आलीय. बाप दिसत नाही. ती खुणेनं विचारते, कोणीतरी खांदे उडवतो. ती मोबाइल काढून फोन लावते. आणि तिच्यापासून दहा पावलांवर चिपाडाच्या ढिगात आत खोल एक स्क्रीन उजळते. तिची पाठ आहे, चरकाच्या आवाजात रिंग ऐकू यायचा प्रश्न नाही. चुलवाणवाला एकेक भारा उचलतोय, ढीग कमी होतोय, उजेड जवळ येतोय. मग तो भारा पण आत जातो. तिच्या कानात ती बाई बोलते, आपण संपर्क करत असलेला नंबर बंद आहे. टायटल.

संकलक_पुणे
शिरोळकर, वा. टेबलाखालचा बॉम्ब म्हणजे हाच. प्रेक्षकाला ढिगात काय आहे ते माहीत, मुलीला नाही, चुलवाणवाल्याला नाही, आणि फोन तिथं कसा आला हा प्रश्न पुढच्या अख्ख्या पिक्चरला पुरतो. रक्ताचा थेंब लागला नाही.

फ्रेम, आता कामाच्या गोष्टी. खरा फोन चुलवाणात टाकायचा नाही, बॅटरी फुटते. उजळलेला फोन चिपाडात हा एक शॉट, भारा जाळात जातो हा दुसरा, तिसरा मुलीचा चेहरा, जोडून लावले की प्रेक्षकाच्या डोक्यात फोन आपोआप जळतो. चुलवाणवाला डावीकडून उजवीकडे जाऊन भारा टाकत असेल तर प्रत्येक शॉटमध्ये तसाच जायला पाहिजे, कॅमेरा त्याच्या पलीकडं नेलात की तो जाळापासून लांब चाललाय असं वाटेल आणि सगळा ताण गेला.

मोबाइल ऑटोवर ठेवू नका. जाळाकडं वळलात की तो सगळं काळं करेल आणि परत अंधाराकडं वळलात की दाणे येतील. मॅन्युअल अ‍ॅप घ्या, २५ एफपीएस (सेकंदाला २५ फ्रेम), शटर १/५० सेकंद, आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद) जमेल तितका खाली, एक्स्पोजर (उजेडाचं माप) लॉक. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून १/५०, मोबाइल ३० एफपीएस आणि १/६० वर राहिला तर गुऱ्हाळातल्या ट्यूबलाइटचा उजेड व्हिडिओत थरथरतो आणि नंतर काढणं अवघड जातं. एलईडी पॅनेल थेट तोंडावर मारू नका, चुलवाणाच्या बाजूलाच ठेवून थर्माकोलवरून उडवा आणि समोर पिवळा जिलेटिन कागद लावा, म्हणजे उजेड जाळाचाच वाटेल. लेन्सवर वाफ धरते, दर टेकआधी पुसायची जबाबदारी एकाला द्या. लॅपटॉप ८ जीबीचा आहे तर एडिटला प्रॉक्सी (त्याच क्लिपच्या हलक्या कॉपी) बनवून काम करा नाहीतर टाइमलाइन हलणार नाही.

रेघ_आणि_अक्षर
टायटलबद्दल. डेव्हिड फिंचरच्या सेव्हनची (१९९५) टायटल काइल कूपरनं केलेली, हातानं ओरखडून लिहिल्यासारखी, ती बघून पोरं तोच ओरबाडलेला इंग्रजी फॉन्ट टाकतात. तसं करू नका. देवनागरीत शिरोरेघ आहे, ती वापरा. आधी नुसती अक्षरं येऊ देत रेघेशिवाय, म्हणजे वाचताना क्षणभर अडखळायला होतं, आणि मग जळत्या चिपाडाच्या ठिणगीसारखी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते आणि शब्द लागतो. कागदावर स्वतः बोरूनं लिहा, फोटो काढा, एडिटमध्ये रेघेवर मास्क (चित्राचा तेवढाच भाग झाकायचं टूल) लावा. फॉन्टच पाहिजे असेल तर 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्त परवान्याचे देवनागरी फॉन्ट आहेत, ते चालतील. आणि नावं सगळी शेवटी ढीग करून टाकू नका, पहिल्या मिनिटात चरक फिरतोय, वाफ येतेय त्या शॉटवर एकेक सोडा.

कोल्हापुरी_फ्रेम
काकांना विचारलं, ते हो म्हणाले, फक्त अट अशी की काम थांबवायचं नाही आणि गुळव्याचं ऐकायचं. चुलवाणवाला मामा स्वतःच काम करायला तयार आहे, म्हणाला मी रोज करतो तेच करायचंय की. सरांना एका ओळीत सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्पच बसले आणि मग म्हणाले शूट करा. मला एवढं भारी वाटलं.

आता आमच्यात एकच अडलंय. फोनची रिंगटोन. प्रेक्षकाला ऐकवायची का? ऐकवली तर मग मुलीला कशी ऐकू येत नाही, आणि नाही ऐकवली तर नुसता उजेड पुरेल का? एकाला जुनं गाणं टाकायचंय.

कान_देऊन
मी लोकेशन साउंड करते. गाणं नको, एकतर हक्कांचा प्रश्न येतो आणि दुसरं म्हणजे प्रेक्षक गाणं ओळखण्यात गुंततो.

सायकोमधल्या सुऱ्याच्या वारांचा आवाज खरबुजात सुरा खुपसून केलेला होता. म्हणजे ज्या वस्तूचा आवाज पाहिजे तीच वस्तू वाजवावी लागते असं नाही. तुम्ही शूट संपल्यावर मोबाइल घेऊन तिथंच एक तास बसा आणि फक्त आवाज गोळा करा, चरक चालू असताना, बंद होताना, बंद झाल्यावरची शांतता निदान एक मिनिट कोणीही न हलता, चिपाडं उचलताना, जाळ ओढतानाचा तो घुमणारा आवाज. संवाद जवळजवळ नाहीतच त्यामुळे हेच तुमचं संगीत, वरून धडामधुडूम म्युझिक लावू नका.

आणि फोन व्हायब्रेटवर ठेवा. आधी चरकाच्या आवाजात फक्त उजेड दिसू दे. मग चरकातला ऊस संपतो, चरक क्षणभर थांबतो, आणि त्या शांततेत वाळलेल्या चिपाडात फोन घरघरतो, किड्यासारखा. मुलीनं नेमका तेव्हाच फोन कानाला घट्ट लावलाय. चुलवाणवाल्या मामाचा हात भाऱ्यावर थांबतो, तो ढिगाकडं बघतो. तेवढ्यात कोणीतरी नवी मोळी सारतं आणि चरक परत सुरू होतो.