मदत हवी आहे: गाडीचा एसी मधेच गरम हवा मारतो, गॅस दोनदा भरून झाला

शहापूरचा_बाळू
नमस्कार मंडळी. एसीनं डोकं खाल्लंय. २२ वर ठेवतो, दहा मिनिटं झकास गार, मग अचानक गरम. गॅस दोनदा भरला. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा गॅरेजवाला "काँप्रेसर होगेत्री" (म्हणजे गेला) म्हणून पस्तीस हजार सांगून मोकळा. शनिवारी सावंतवाडीला लग्न आहे, सासूबाई मागच्या सीटवर असणार. काय बघू ते लवकर सांगा की.

निपाणी_नाका
काँप्रेसरच गेलाय. माझ्या आधीच्या गाडीला सेम झालेलं. नवा नको, सेकंडहँड बसवा, अर्ध्यात काम होतं.

उद्यमबाग_वायरमन
थांबा हो, आधीच गाडीचं ऑपरेशन नको. बाळू, गाडी कुठली, साल कुठलं? ऑटो क्लायमेट (तापमान आपोआप सांभाळणारा एसी) आहे की साधे नॉब? आणि गरम म्हणजे हीटरसारखी गरम, की नुसती बाहेरची हवा?

शहापूरचा_बाळू
२०१६ ची पेट्रोल सेडान, ऑटो क्लायमेट. कंपनीचं नाव लिहीत नाही, मागच्या खेपेला लिहिलं तर दोन पानं त्याच्यावरच भांडण झालं. गरम म्हणजे गरमच, हीटर लावल्यासारखं. अजून काय सांगायचं?

चिकोडी_चारचाकी
म्हणून मी ऑटो क्लायमेट घेतच नाही. निळं-लाल नॉब फिरवायचं, विषय संपला. माणसाला थंडी वाजली तर माणसाला कळत नाही काय? कॉम्प्युटर कशाला पाहिजे?

जांबोटी_काका
केबिन फिल्टर बदलला का? आमच्या गाडीत मागच्या पावसाळ्यात उंदरानं घर केलं होतं. वासाला लिंबाची साल ठेवावी, दोन दिवसांत वास जातो.

शहापूरचा_बाळू
काका, वास येत नाही हो. गरम हवा यायलीय.

उद्यमबाग_वायरमन
काकांचा मुद्दा अगदीच वाया नाही, पण तो हवा कमी येत असेल तर. बाळू, ह्याचं नीट उत्तर द्या: गरम होतं तेव्हा हवेचा जोर कमी होतो का? कारण इव्हॅपोरेटरचा सेन्सर, म्हणजे डॅशबोर्डच्या आतल्या कॉइलच्या फिन्समध्ये खोचलेला, तो चुकीचं दाखवायला लागला की काँप्रेसर वेळेवर बंद होत नाही. कॉइलवर बर्फ धरतो, तासाभरात हवा मंद होते, आणि गाडी थांबवली की खाली पाण्याचं तळं. एसी बंद करून नुसता फॅन चालवला की बर्फ वितळतो, हवा परत पहिल्यासारखी. तुमचं तसं आहे का?

शहापूरचा_बाळू
नाही, जोर तेवढाच. तापमान एकदम तळाला, लो वर ठेवलं तर गरम येत नाही, पण गारही नाही, नुसती साधी हवा.

निपाणी_नाका
साधी हवा म्हणजे गॅस कमी. मी काय म्हणत होतो?

उद्यमबाग_वायरमन
काल तुम्ही काँप्रेसर म्हणत होता. आणि गॅस काय पेट्रोल नव्हे जाळून संपायला. बंद सिस्टीम असते. कमी झाला म्हणजे कुठंतरी गळतोय. गळती न शोधता वरून ओतला तर जास्त होतो, प्रेशर चढतं, आणि सेफ्टी स्विच काँप्रेसर बंद करतो. बाळू, भरताना व्हॅक्यूम मारून (आतलं सगळं ओढून काढून) वजनावर भरला की नुसता प्रेशरचं घड्याळ लावून? किती ग्रॅम पाहिजे ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं.

शहापूरचा_बाळू
नुसता घड्याळ लावून. आणि त्यानं काँप्रेसरला वायर लावून डायरेक्ट केला तेव्हा बर्फासारखी हवा आली, मग मला म्हणाला बघा गॅस बरोबर आहे, काँप्रेसरच बदला.

उद्यमबाग_वायरमन
अहो! डायरेक्ट केल्यावर गार येतं तर काँप्रेसर गेला कसा? काँप्रेसर ठणठणीत आहे, त्याला चालू हो म्हणून सांगणारा गप्प बसलाय. पस्तीस हजार खिशात ठेवा. आता सांगा, बाहेरचं तापमान डिस्प्लेवर किती दिसतं?

शहापूरचा_बाळू
ते डिस्प्ले खराब आहे, महिनाभर झाला. कधी २९ दाखवतो, कधी उणे ४०. त्याचा एसीशी काय संबंध?

उद्यमबाग_वायरमन
😀 बेळगाव थंड असतं मान्य, पण इतकं नाही.

संबंध हाच आहे. बाहेरच्या तापमानाचा सेन्सर पुढच्या ग्रिलच्या मागं असतो. आत एनटीसी थर्मिस्टर. गरम झाला की रोध कमी, गार झाला की जास्त. वायर तुटली किंवा प्लग निसटला की रोध अनंत, आणि गाडीच्या मेंदूला वाटतं बाहेर प्रचंड थंडी आहे. उणे ४० हा स्केलचा तळ आहे, म्हणून आकडा नेमका तोच येतो. उलट दोन वायरी एकमेकींना चिकटल्या तर आकडा वरच्या टोकाला जातो. आता बाहेर गोठायची वेळ असेल तर एसी कशाला लावायचा, म्हणून काँप्रेसर चालूच करत नाही, आणि वर तुम्हाला थंडी वाजू नये म्हणून हीटरचं झाकण उघडतो. लो वर झाकण बंद होतं, पण काँप्रेसर बंदच, म्हणून साधी हवा. काही गाड्या सेन्सर गेला की एक ठोकळ आकडा धरून चालवून घेतात, तुमची तशी दिसत नाही.

हिंडलगा_ताई
आमच्याकडं उलटं झालं होतं. दुपारी एसी कमी गार, रात्री मस्त. तीन महिने डोकं खाजवलं. शेवटी कळलं डॅशबोर्डवर काचेजवळ जो काळा गोल ठिपका असतो तो उन्हाचा सेन्सर, आणि आमच्या ह्यांनी बरोबर त्याच्यावर गणपती चिकटवलेला. गाडीला वाटायचं सावलीत आहे. गणपती चार बोटं सरकवला, झालं.

चिकोडी_चारचाकी
बघा, नॉबला गणपती आडवा येत नाही.

निपाणी_नाका
कोल्हापूरला घेऊन जा सरळ, ११० किलोमीटर आहे. बेळगावात सगळे गॅस भरणारेच.

चिकोडी_चारचाकी
कोल्हापुरात बेळगावची केए २२ ची पाटी बघून रेट बदलतो हो. मी अनुभव घेतलाय.

जांबोटी_काका
पाटीचं सोडा, चंदगडच्या बाजूला पण लोक म्हणतात तुम्ही कर्नाटकवाले. इकडं म्हणतात तुम्ही मराठीवाले. गाडीला तरी विचारा कुठली आहे ती.

शहापूरचा_बाळू
काका, विषय एसी आहे 🙏 वायरमनसाहेब, मी ईएलएम ३२७ वाला ब्लूटूथ स्कॅनर लावून बघितला, बिघाडाचा एकही कोड नाही. मग सेन्सर खराब कसा?

उद्यमबाग_वायरमन
त्यातले बहुतेक स्कॅनर फक्त इंजिनचे, म्हणजे पी नं सुरू होणारे कोड वाचतात. एसीचे कोड बी नं सुरू होतात, त्याला त्या गाडीला चालणारा पूर्ण स्कॅनर लागतो. पण तुम्हाला कोडची गरजच नाही. मल्टिमीटर आहे काय?

प्लग काढा, मीटर २० किलोओहमवर ठेवा, सेन्सरच्या दोन पिनांना लावा. किती पाहिजे ते गाडीगणिक वेगळं, पण साध्या हवेत बहुतेकांत काही किलोओहम दाखवतो. मग सेन्सर मुठीत धरा. आकडा हळूहळू उतरला पाहिजे. बर्फाच्या पाण्यात बुडवा, चढला पाहिजे. चढ-उतार सरळ असेल तर सेन्सर चांगला, मग वायरीकडं बघायचं. चावी ऑन करून गाडीच्या बाजूच्या प्लगवर पाच व्होल्टच्या आसपास मिळतात का तेही बघा.

आणि एक विचारायचं राहिलं. हे सुरू व्हायच्या आधी पुढच्या बाजूला काही काम झालंय का? बंपर, ग्रिल, हॉर्न?

शहापूरचा_बाळू
बंपरचं झालंय. होळीनंतर खडेबाजारात एका टेम्पोनं रिव्हर्स घेताना दाबला, काढून डेंटिंग-पेंटिंग करून घेतला. पण ते पेंटवाल्याकडं केलं, एसीला त्यानं हातही लावला नाही. आणि हो, मोठ्या खड्ड्यात गाडी गेली की कधीकधी एसी आपोआप गार व्हायला लागतो.

उद्यमबाग_वायरमन
हे पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर! खड्ड्यात गेल्यावर गॅस भरत नसतो. ग्रिलमधून हात घाला, टॉर्च मारा, प्लग बघा.

शहापूरचा_बाळू
सापडलं!! सेन्सरची बसायची क्लिपच तुटलेली. पेंटवाल्यानं तो हॉर्नच्या पट्टीला केबल टायनं बांधलेला, प्लग खाली तोंड करून अर्धा बाहेर. वळवाच्या पावसाचं पाणी आत जाऊन एक पिन हिरवी झाली होती, मोराच्या पिसासारखी. दुसरी बरी. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, जुन्या टूथब्रशनं घासली, कट्ट आवाज येईपर्यंत दाबला. मुठीत धरून बघायचं राहिलंच, कारण चावी लावल्यावर थोड्या वेळानं २९ आला. गारही सुरू. मुलगा म्हणाला, बाबा डिस्प्ले पण रिपेर झाला.

हिंडलगा_ताई
वा! सासूबाईंना पदर घ्यायला लागेल आता.

शहापूरचा_बाळू
एक शंका. संध्याकाळी गोवावेसला अर्धा तास ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा ३८ दाखवत होता. हवा तर चांगली गार होती बाहेर. परत बिघडला काय?

उद्यमबाग_वायरमन
नाही. सेन्सर रेडिएटरच्या पुढंच असतो, थांबलेल्या गाडीत इंजिनची धग त्याला लागते. म्हणूनच बऱ्याच गाड्या कमी वेगात आकडा लगेच वर जाऊ देत नाहीत. हायवेला दहा मिनिटं चालवा, खाली येईल. पण तुमचा हॉर्नपाशी बांधलेला आहे, मूळ जागेवर नाही, त्यामुळं जास्तच दाखवणार. नवी क्लिप घालून जागेवर बसवा. आणि प्लगमध्ये डायइलेक्ट्रिक ग्रीस (पाणी आत न जाऊ देणारं) भरा, केबल टायवर आपला पावसाळा निघत नाही. दोनदा वरून भरलेला गॅस काढून वजनावर परत भरून घ्यायला विसरू नका.

निपाणी_नाका
म्हणजे शेवटी गॅसच.

जांबोटी_काका
बाळू, आंबोली घाटाचा रस्ता कसा आहे ते परत आल्यावर लिही. आम्हाला पुढच्या रविवारी जायचंय.