बेरीज 3-3, तरी सिम्बा बाहेर! हा ‘अवे गोल’ सोलापूर-बार्शी सामन्याला लावावा का?

पूर्वभाग_कोच

नमस्कार मंडळी. सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला आमची चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांची फुटबॉल टीम आहे. बहुतेकांच्या घरी यंत्रमागाचं काम, कुणाची आई विड्या वळते. सकाळी शाळेच्या आधी सराव. बुटं एकमेकांत वाटून घालतात, पण खेळतात मनापासून.

दिवाळीनंतर बार्शीच्या टीमशी दोन सामने ठरवतोय. एक त्यांच्याकडं, एक आमच्याकडं. दोन्हींचे गोल मिळवायचे, ज्याचे जास्त तो जिंकला. इथपर्यंत दोघांचं एकमत आहे. बेरीज सारखी झाली तर काय, यावर गाडं अडलंय. बार्शीचे सर म्हणतात, अवे गोल, म्हणजे परक्या मैदानावरचा गोल धरून निकाल लावू, आफ्रिकेच्या चॅम्पियन्स लीगला पात्रता फेरीत तोच नियम आहे. सोबत त्यांनी एका जुन्या लढतीचा निकाल पाठवला.

टांझानियाचा सिम्बा क्लब आणि बोत्सवानाचा ज्वानेंग गॅलक्सी क्लब, ऑक्टोबर 2021. सिम्बा बोत्सवानात जाऊन 2-0 जिंकला. घरी 1-3 हरला. म्हणजे दोघांनी एकेक सामना जिंकला, तोही दोन-दोन गोलनी. बेरीज 3-3. आणि सिम्बा बाहेर!

मी हा निकाल पोरांना फळ्यावर लिहून दाखवला. आमचा सेंटर हाफ म्हणाला, “सर, मग त्यांनी पेनल्टी तरी मारायला पायजे होती की.” मला उत्तर देता आलं नाही आणि ते मला टोचतंय. पोरांना जो नियम सांगायचा तो आधी मला पटला पाहिजे. हा नियम नक्की कसा चालतो, आफ्रिकेत तो का टिकलाय, आणि आमच्यासारख्यांनी घ्यावा का? जाणकारांनी सविस्तर सांगा.

सात_रस्ता

गणित सोपं आहे, कोच. बेरीज सारखी झाली की परक्या मैदानावर कुणी जास्त गोल केले ते बघायचं. सिम्बाचे बोत्सवानात 2, गॅलक्सीचे सिम्बाच्या घरी, दार एस सलाममध्ये 3. गॅलक्सी पुढं. तेही सारखे असते तर जादा वेळ न खेळता थेट पेनल्टी शूटआउट.

युरोपनं हा नियम जून 2021 मध्ये काढून टाकला. म्हणजे युरोपात तो गेला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सिम्बाला त्यानं घरी बसवलं. माझं मत विचाराल तर लहान पोरांना नको.

कारियाकोतला_सोलापूरकर

कोच, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. मी मूळचा भवानी पेठेतला. दार एस सलामला कारियाको बाजारात कापडाच्या पेढीवर हिशेब बघतो. सिम्बा आणि यांगा, इथल्या दोन्ही मोठ्या क्लबांची ऑफिसं याच भागात. लाल-पांढरा सिम्बा, हिरवा-पिवळा यांगा. बाजारात कुणाचा गाळा कुठल्या बाजूचा हे सगळ्यांना माहीत असतं. आमची पेढी सिम्बाची.

ती मॅच मी बाजारातल्या टीव्हीवर बघितली. 24 ऑक्टोबर 2021, रविवार. त्याच संध्याकाळी दुबईत भारत-पाकिस्तान टी-ट्वेंटी होती. घरचा व्हॉट्सॲप ग्रुप कोहलीच्या नावानं भरून वाहत होता आणि मी मात्र बेंजामिन म्कापा स्टेडियमकडं डोळे लावून बसलो होतो. मध्यंतराला सिम्बा 1-0 पुढं, म्हणजे एकूण 3-0. दुकानदारांनी चहा मागवला, पुढच्या गटात कोण येईल याची चर्चा सुरू झाली. दुसऱ्या हाफला गॅलक्सीनं पहिला गोल केला तेव्हा कुणी मान वर केली नाही. दुसरा झाला तशी बोलणी थांबली. कारण आता सगळ्यांच्या डोक्यात एकच आकडा होता, अजून एक. सिम्बा अजूनही एकूण 3-2 पुढं होता, पण पाय बांधल्यासारखे खेळत होते. पुढं जाऊन गोल करावा की मागं थांबून राखावं, हे मैदानावरच्या अकरा जणांना ठरवता येत नव्हतं. शेवटी तिसरा गेलाच. तिकडं दुबईतही आपण दहा विकेट्सनी हरलो. त्या रात्री मला घरी बोलायला कुणी सापडलं नाही.

आता नियमाचं. आफ्रिकेत तो अजून का आहे, हे प्रवास बघितला की कळतं. आफ्रिका म्हणजे एक खंड, हे नकाशावर. एका देशाच्या क्लबाला दुसऱ्या देशात सामन्याला जायचं तर बऱ्याचदा थेट विमान नसतं. अदिस अबाबा, नैरोबी नाहीतर जोहान्सबर्गवरून फिरून जायचं. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून 2,300 मीटरहून उंच, तिथं दार एस सलामच्या पोरांचा श्वास पुरत नाही. दार एस सलाम समुद्राकाठी, ऑक्टोबरात हवा अशी चिकट की बोत्सवानाच्या कोरड्या हवेतल्या माणसाचा शर्ट वॉर्मअपमध्येच भिजतो. परक्या मैदानावर गोल करणं खरंच अवघड असतं, म्हणून त्याला जास्त वजन. हे मला पटतं. अवे गोलनं आमचा घात केला तरी पटतं.

आणि पात्रता फेरी ही सगळ्यात कठोर. दोन फेऱ्या, प्रत्येक फेरीत दोन सामने. रँकिंगमधल्या वरच्या 12 देशांचे दोन-दोन क्लब, बाकीच्यांचा एकेक. मोठ्या क्लबांना पहिल्या फेरीत सूट. शेवटी पुढच्या गट फेरीला फक्त 16 क्लब उरतात. देशाचं रँकिंग मागच्या पाच मोसमांवर ठरतं, ताज्या मोसमाला पाचपट वजन, मग चौपट, असं उतरत. पण त्यासाठीचे गुण गटात पोचल्यावरच सुरू होतात. पात्रता फेरीत हरलात तर देशाच्या खात्यात काहीच पडत नाही. लहान क्लबाचं तिकीट, हॉटेल, सगळं खिशातून जायचं. 2023-24 पासून आफ्रिकन फुटबॉल महासंघानं या फेरीतल्या प्रत्येक क्लबाला 50 हजार डॉलर द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठं थोडा श्वास मिळाला.

लोक फायनल बघतात. मला विचाराल तर पात्रता फेरीच्या या सामन्यांत जे फुटबॉल दिसतं ते पुढं दिसत नाही. ज्वानेंग हे हिऱ्याच्या खाणीचं गाव. तिथला क्लब दार एस सलाममध्ये येऊन तीन गोल करतो. दोन वर्षांनी तोच क्लब दक्षिण आफ्रिकेतल्या ऑर्लँडो पायरेट्ससारख्या जुन्या, मोठ्या क्लबाला बाहेर काढतो. हे पात्रता फेरीतच घडतं.

पूर्वी हरणाऱ्याला अजून एक दार होतं. चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या पात्रता फेरीत हरलेला संघ कॉन्फेडरेशन कपच्या, म्हणजे आफ्रिकेतल्या क्लबांच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेच्या प्ले-ऑफला जायचा. सिम्बा त्या वर्षी तिकडं गेला आणि उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला. पुढच्या वर्षी यांगाचं तर विचारूच नका. ऑक्टोबर 2022 मध्ये सुदानच्या अल हिलालकडून हरले, खाली गेले, ट्युनिशियात जाऊन क्लब आफ्रिकेनला 1-0 हरवलं आणि थेट फायनल गाठली. फायनलला अल्जीरियाच्या यूएसएम अल्जेरकडून घरी 1-2 हरले, अल्जीरियात 1-0 जिंकले. बेरीज 2-2. अवे गोलवर कप गेला. त्या दिवशी समोरचा यांगावाला दुकानदार शटर अर्धं ओढून आत बसला होता. मी सिम्बाचा असून त्याला हाक मारायला गेलो. 2023-24 पासून ते दुसरं दारही बंद झालं. आता हरला तो घरी.

पूर्वभाग_कोच

दादा, तुमचं लिहिणं पोरांना मोठ्यानं वाचून दाखवणार आहे. एक अडचण अजून. आमच्या मैदानाची खात्री नाही. परीक्षा, कार्यक्रम, काहीही निघतं. समजा आम्हाला मैदान मिळालंच नाही आणि दोन्ही सामने बार्शीला खेळावे लागले, तर आमचा घरचा सामना कोणता? आणि अवे गोल कुणाचा धरायचा?

कारियाकोतला_सोलापूरकर

हे आफ्रिकेत दरवर्षी होतं. महासंघ स्टेडियमची तपासणी करतो. मंजुरी नाही मिळाली की क्लबला घरचा सामना दुसऱ्या देशात खेळावा लागतो. कधी कधी दोन्ही सामने एकाच मैदानावर होतात. कागदावर ज्याचं नाव यजमान म्हणून, तो सामना त्याच्या घरचा. पाहुण्याचा गोल हा अवे गोल, मग तो पाहुणा त्याच गावात राहणारा का असेना.

सुदानच्या अल हिलालचं बघा. एप्रिल 2023 मध्ये तिथं युद्ध पेटलं. ओमदुरमानचं त्यांचं मैदान सुटलं. 2023-24 ला घरचे सामने ते आमच्याकडं दार एस सलामला खेळले. पुढच्या मोसमात मॉरिटानियाच्या लीगमध्येच जाऊन खेळले आणि आफ्रिकेचे घरचे सामने तिथल्याच नुआकशोत शहरात. चॅम्पियन्स लीगला यांगाही त्यांच्या गटात होता. अल हिलालनं दार एस सलामला येऊन 2-0 नं जिंकून नेलं आणि गटात पहिला नंबर काढला. घर नसलेली टीम! मी सिम्बाचा, तरी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या.

तुमच्या प्रश्नाला उत्तर हेच. दोन्ही सामने बार्शीला झाले तर अवे गोलला अर्थ उरत नाही. तो नियम ज्या त्रासाची भरपाई म्हणून आहे, तो त्रास दोघांपैकी एकालाच झालेला असतो, आणि तो तुमच्या पोरांना.

बार्शी_कीपर

मी बार्शीकडून बोलतो. आमच्या सरांनी सुचवलं त्यात वाईट हेतू नाही. अवे गोल असला की पाहुणी टीम बचाव करत बसत नाही, गोल करायला पुढं येते. पोरं मोकळेपणानं खेळतात. मी गोलकीपर आहे, मला स्वतःला त्यात जास्त त्रास, तरीही म्हणतो.

आणि पेनल्टीबद्दल. वर दादांनी गॅलक्सी-पायरेट्स सांगितलं. 2023 ला दोघांनी आपापल्या घरी 1-0 जिंकलं, अवे गोल कुणाचाच नाही, शूटआउट झालं आणि गॅलक्सी पुढं गेली. मोठी माणसं आहेत ती. चौदा वर्षांच्या पोरानं शेवटची पेनल्टी घालवली तर ते ओझं कुणाचं? गेल्या वर्षी आमच्या एका पोरानं घालवली, त्यानंतर तो बरेच दिवस मैदानावर आला नाही. शेवटी मी त्याच्या घरी जाऊन त्याला घेऊन आलो. गोलवर निकाल लागला तर तो अकरा जणांचा असतो.

सात_रस्ता

कीपर, तुमचा मुद्दा मनाला लागला. माझं आधीचं ‘नको’ मी तेवढ्या जोरात म्हणणार नाही. पण सोलापूर-बार्शी सत्तर किलोमीटर. दीड-दोन तासांची एसटी. दोघांची हवा एक, माती एक, दुपारी दोघांनाही घाम तोच. अवघडपणाची भरपाई म्हणून जो नियम आला, तो इथं कशाची भरपाई करणार?

पूर्वभाग_कोच

मंडळी, मनापासून आभार. रात्री पोरांना सगळं वाचून दाखवलं. यांगाच्या दुकानदाराचं ऐकताना कुणी हललं नाही. आमच्या सेंटर हाफनं अल हिलालचं नाव वहीत लिहून घेतलं.

मी असं ठरवलंय, बार्शीच्या सरांना उद्या फोन करतो. अवे गोल नको. सात रस्तावाल्यांचं म्हणणं खरं आहे, आमच्यातल्या अंतराला तो नियम मोठा होतो. बेरीज सारखी झाली तर दुसऱ्या सामन्यानंतर दहा-दहा मिनिटांचे दोन जादा हाफ, आफ्रिकेत नसले तरी आपण घेऊ. त्यातही बरोबरी राहिली तर पेनल्टी. पण पेनल्टी मारणारी पोरं कोच नेमणार नाहीत, ज्याला मारायची त्यानं हात वर करायचा. कीपरभाऊ, एवढं तुमच्यासाठी. मैदान मिळालं नाही तर दोन सामने एकाच जागी खेळायचेच नाहीत, तारीख पुढं ढकलू.

अजून एक गोष्ट लिहून घेऊ. हे वाचल्यावर मी आणखी शोधलं तेव्हा 2016 चं सापडलं. दक्षिण आफ्रिकेचा मामेलोडी सनडाउन्स पात्रता फेरीत काँगोच्या एएस विटा क्लबकडून अवे गोलवरच बाहेर पडला होता. नंतर कळलं की विटानं नियमात न बसणारा खेळाडू खेळवला. विटा बाद, सनडाउन्स परत आत, आणि त्याच वर्षी इजिप्तच्या झमालेकला हरवून ते आफ्रिकेचे चॅम्पियन झाले. एका खेळाडूच्या कागदामुळं एका टीमचं अख्खं वर्ष गेलं. मैदानावर जिंकलेली पोरं कागदावर हरली, यात त्या पोरांचा काय दोष? आपल्याकडं असं होऊ द्यायचं नाही.

म्हणून पहिल्या सामन्याआधी दोन्ही टीमच्या जन्मदाखल्यांच्या प्रती एकमेकांना द्यायच्या. अठरा नावं, त्यात नंतर बदल नाही. बार्शी कीपर, तुमच्या सरांना एवढं सांगून ठेवा, आमची यादी शनिवारी व्हॉट्सॲपवर येईल. तुमचीही त्याच दिवशी पाठवा. येताना पोरांच्या जेवणाची काळजी करू नका, भाकरी आणि शेंगाचटणी आमच्याकडून.

कारियाकोतला_सोलापूरकर

कोच, तारीख ठरली की इथं टाका. पेढीवर टॉवेलचा माल नेहमी सोलापूरहून येतो, जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाबरोबर सिम्बाचे दोन लाल शर्ट पाठवतो. एक तुमच्या सेंटर हाफला. दुसरा बार्शीच्या त्या पेनल्टी घालवलेल्या पोराला. मापं कळवा.